पलीकडचा निकाल

लोणचं घालायच्या शनिवारी भांडायचं नाही, असा हॅदवेंच्या घरात नियम होता. तो कुणी केला हे कुणाला आठवत नव्हतं, आणि तो कधी पाळला गेल्याचंही कुणाला आठवत नव्हतं.

या सप्टेंबरात तर भांडण कोर्टातून घरी चालत आलं होतं. बेउलाच्या स्वयंपाकघरातल्या लांब टेबलाच्या एका टोकाला रात्रभर मिठात मुरलेल्या काकड्या होत्या, दुसऱ्या टोकाला कागदांचा गठ्ठा होता, आणि दोहोंच्या मध्ये बसून बेउलाची बहीण मॅव्हिस कांदे चिरत होती. दावा मॅव्हिसच्याच मुलानं, कर्टिसनं, लावलेला. लग्न झाल्यापासून ती नदीपलीकडे, अमेरिकेतल्या मेन राज्यात, कॅलसला राहत होती आणि दर वर्षी या दिवशी सरहद्दीचा पूल ओलांडून कॅनडात, न्यू ब्रन्सविकला माहेरी यायची, तशी याही वर्षी आली. पुलावरच्या शिपायानं "बरोबर काय आहे?" विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सुरी आणि लाज." त्यानं गाडीची डिकी उघडायला लावली.

"त्यात हसण्यासारखं काय होतं?" मॅव्हिस म्हणाली. "मी खरंच सांगत होते."

"हसतंय कोण," बेउला म्हणाली. तिनं बहिणीकडे बघितलंसुद्धा नाही. ती मोहरीची पूड, हळद आणि मैदा एकत्र चाळत होती.

नेडाला या दोघींकडे बघूनच थकवा आला होता. ती बेउलाची मुलगी. लोणच्याची वेबसाइट तिची, ऑर्डरी तिच्याकडे यायच्या, आणि वर्षभर वकिलाचे फोनही तिच्याकडेच. आईला हे प्रकरण समजावून सांगताना तिच्या तोंडाला फेस यायचा. आणि आई ऐकून घ्यायची, मान डोलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

"आई, शेवटचं सांगते," नेडा काकड्या पिळता पिळता म्हणाली. "कर्टिसनं पलीकडे निकाल मिळवला. 'आल्मा हॅदवे' हे आजीचं नाव आपण बरणीवर लावायचं नाही, वेबसाइट त्याच्या हवाली करायची. अमेरिकेतल्या त्या ऑनलाइन बाजारवाल्या कंपनीनं तो निकाल बघून आपलं पान उतरवलं, ते गेलंच. पण आपली स्वतःची वेबसाइट इथली आहे. तुझं स्वयंपाकघर इथलं आहे. इथं तो निकाल म्हणजे नुसता कागद. तो इथं चालवायचा तर इथल्या न्यायाधीशानं 'चालवा' म्हणावं लागतं. म्हणून कर्टिसनं आता इथं अर्ज केलाय. कळलं?"

"आणि इथला न्यायाधीश लोणचं चाखून बघणार."

"लोणच्याचं तो नावसुद्धा काढणार नाही. हेच तर तुझ्या डोक्यात शिरत नाही. तो एवढंच बघणार, की पलीकडच्या कोर्टाचा आपल्यावर हक्क होता का. तुम्ही तिथं राहता? नाही. आपण होऊन तिथल्या कोर्टात उभे राहिलात? नाही. मग चला, घरी जा. संपलं."

"आणि लोणचं कुणाचं, ते?"

"ते कुणी विचारत नाही, आई."

"मग त्याला कोर्ट कशाला म्हणायचं," बेउला म्हणाली आणि चाळण टेबलावर आपटून रिकामी केली.

तिला दुसरं काही नकोच होतं. बेउलानं चाळीस उन्हाळे आईच्या शेजारी उभं राहून हे लोणचं ढवळलं होतं. आई गेली, तेव्हा घराला भावाचं, ओरिनचं नाव लागलं, बागेतली जमीन विकली गेली, मॅव्हिसला चांदीचे चमचे मिळाले. बेउलाच्या वाट्याला बरण्यांवरचं नाव आलं, आणि ते तिनं इतकी वर्षं जपलं. आता भाचा म्हणत होता की ते नाव मी सरकारदरबारी लिहून घेतलंय, तू पुसून टाक. त्याच्याही बरण्यांवर तेच नाव होतं. ओहायोतल्या कुठल्याशा बाईला इंटरनेटवर दोन आल्मा दिसल्या आणि तिनं कर्टिसला लिहिलं की तुमचं लोणचं मागच्या वेळेइतकं चांगलं नाही. मागच्या वेळचं बेउलाचं होतं. तिथून सगळं पेटलं.

"त्याला मी सांगून बघितलं," मॅव्हिस म्हणाली. "म्हणतो, आई, हा धंदा आहे. मी म्हटलं, बाबा रे, ही तुझी मावशी आहे."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, मावशीनंही वकील केलाय."

"वकील माझा आहे," नेडा म्हणाली, "आणि त्यानं आम्हाला एकच गोष्ट सांगितली होती. तिकडे जाऊ नका, लिहू नका, बोलू नका. तारीख आली तर येऊ दे. म्हणून तर मी तो समन्सचा कागद फ्रिजवर लावून वर लाल शाईनं लिहिलं होतं, 'दुर्लक्ष करा'. आर्सेनो वकिलाला मी निम्मे पैसे मुकाट बसायचे देते. आयुष्यात या घराला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की गप्प राहिलात तर जिंकाल."

आर्सेनोनं उत्तर तयार करून पाठवलं होतं. सोमवारी ते कोर्टात द्यायचं होतं. त्यातलं मुख्य वाक्य एकच: 'आम्ही त्या न्यायालयात कधीही हजर राहिलो नाही.' धंदा ओरिन आणि बेउला या भावंडांच्या नावावर होता, म्हणून शपथेवर सह्या दोघांच्या. बेउलाची सही झाली होती. हळदीचं बोट उमटलं होतं खाली, पण झाली होती.

ओरिन व्हिनेगरचे डबे घेऊन मागच्या दारानं आत आला. डबे खाली ठेवून त्यानं टोपी काढली, मॅव्हिसच्या डोक्यावर थोपटलं आणि चहा आहे का विचारलं.

"आधी सही," नेडा म्हणाली. "मग चहा."

ओरिन कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही करत नसे. त्यानं चष्मा पुसला, कागद खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि बोट फिरवत वाचू लागला. नेडा पेन पुढे धरून उभी होती. त्यानं पेन घेतलं, पुन्हा त्याच ओळीवर आला, आणि पेन खाली ठेवलं.

"यावर नाही करता येणार."

"का?"

"हे खरं नाहीये."

"कुठलं खरं नाहीये, मामा?"

"हे. 'कधीही हजर राहिलो नाही.' मी गेलो होतो की."

बेउलाची चाळण थांबली. मॅव्हिसची सुरी मात्र थांबली नाही, उलट तिनं मान आणखी खाली घालून कांदा जरा जास्तच बारीक चिरायला घेतला. नेडाच्या ते नंतर लक्षात आलं.

---

ओरिनला कळेना की यात इतकं काय झालं.

तो तीस वर्षं पलीकडच्या कागदाच्या गिरणीत कामाला होता. सकाळी पूल, संध्याकाळी पूल. पेट्रोल पलीकडचं, दूध पलीकडचं, दाढीचा साबण पलीकडचा. इथं आग लागली तर बंब पलीकडून येतो आणि तिथं लागली तर इथून जातो. पलीकडे घड्याळ एक तास मागे असतं, एवढाच काय तो परदेश. मेच्या त्या मंगळवारीही तो पेट्रोल भरायलाच निघाला होता. फ्रिजमध्ये दूध बघायला गेला आणि दारावर तो कागद दिसला. वर तारीख होती, वेळ होती, आणि त्याचं नाव होतं. आपलं नाव घेऊन कुणी बोलावलं आणि आपण गेलो नाही, असं त्याच्या हातून एकदाच झालं होतं, एका मित्राच्या लग्नात, आणि त्या मित्रानं नंतर जन्मभर बोलणं टाकलं. ओरिन वर गेला आणि निळा सूट घालून आला.

"मामा, त्यावर लिहिलं होतं दुर्लक्ष करा."

"मला वाटलं, ते तू स्वतःसाठी लिहिलंयस."

"स्वतःसाठी?"

"म्हणजे, तुला त्रास होतो म्हणून. तू दुर्लक्ष कर, असं."

नेडा खुर्चीवर बसली. "बरं. गेलास. मग मागे बसून आलास का? नुसतं ऐकून? प्लीज मला सांग की तू नुसतं ऐकून आलास."

"तासभर तसंच बसायला लागलं. मी आपल्या घड्याळानं गेलो होतो ना. मग आमचं नाव पुकारलं. न्यायाधीश बाई होत्या, चांगल्या होत्या. म्हणाल्या, प्रतिवादींकडून कुणी आहे का? मी उभा राहिलो."

"उभा राहिलास."

"आता नाव पुकारल्यावर काय बसून राहायचं? मग त्या म्हणाल्या, मिस्टर हॅदवे, हे न्यायालय हा दावा ऐकतंय याला तुमची काही हरकत आहे का?"

नेडाच्या हातातलं काकडीचं फडकं टपटप गळत होतं. "आणि?"

"मी म्हटलं, छे छे. चांगलं कोर्ट आहे."

ओरिननं तिघींकडे पाळीपाळीनं बघितलं. कुणी आपल्याला मिस्टर म्हणून इतक्या अदबीनं 'काही हरकत?' विचारलं, तर माणूस दुसरं काय म्हणतो, हे त्याला खरंच कुणीतरी सांगायला हवं होतं.

"फोन कुठाय माझा," नेडा म्हणाली.

आर्सेनो मॉन्कटनला त्याच्या घरी होता. मागे गवत कापायचं यंत्र चालू असल्याचा आवाज येत होता. "शनिवारी फोन केलास," तो म्हणाला, "म्हणजे काहीतरी जळालंय."

नेडानं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला आणि सांगितलं. यंत्राचा आवाज बंद झाला.

"नेडा, मी तुला विचारलं होतं. त्यांच्या निकालात लिहिलं होतं, 'प्रतिवादी स्वतः हजर.' मी तुला त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, कुणी गेलं नव्हतं ना?"

"मला वाटलं टायपिंगची चूक आहे. कोण जाणार होतं? आमच्यातलं कुणी बोलावल्यावरही जेवायला वेळेवर येत नाही."

"बरं. ते नुसते गेले असतील, पण आधी म्हणाले असतील ना, की हे कोर्ट मला मान्य नाही? एवढं एक वाक्य पुरतं. मग पुढं काहीही बोलू दे."

"मी म्हटलं, चांगलं कोर्ट आहे," ओरिन फोनकडे वाकून मदत करावी तशा स्वरात म्हणाला.

आर्सेनोनं फ्रेंचमध्ये एक शब्द हासडला. तो चर्चमध्ये वापरायचा शब्द होता, पण त्यानं चर्चसाठी वापरला नव्हता.

"म्हणजे गेलं," नेडा म्हणाली.

"आपण होऊन गेले, नाव पुकारल्यावर उभे राहिले, हरकत नाही म्हणाले. मग पलीकडचा निकाल इथंही तुमच्या मानेवर बसतो. एक वाट आहे. मला आवडत नाही, पण आहे. ओरिनचं वय काय?"

"एक्काहत्तर."

"त्यांना... म्हणजे, विसरायला वगैरे होतं का? आपण कुठं उभे आहोत, कशाला उभे आहोत, हे त्या दिवशी त्यांना कळत नव्हतं असं एखादा डॉक्टर लिहून देईल का? ज्याला कळतच नव्हतं, तो आपण होऊन गेला असं म्हणता येत नाही. विचार करा. मला उद्यापर्यंत सांगा." आणि तो फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "मिस्टर हॅदवे, तुम्ही ऐकत असाल तर माफ करा."

"नाही नाही," ओरिन म्हणाला. "ठीक आहे."

---

मॅव्हिसला वाटलं होतं की कांदे संपेपर्यंत हे निघणार नाही, आणि कांदे संपले की आपण घरी जाऊ. तिनं उन्हाळाभर हेच केलं होतं. पण आता बेउला तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"तुला माहीत होतं."

"काय?"

"तू त्याच्याकडे बघितलंही नाहीस तो 'गेलो होतो' म्हणाला तेव्हा. तू तिथं होतीस."

मॅव्हिसनं सुरी ठेवली. "कर्टिसनं बरोबर नेलं होतं. मागच्या बाकावर होते मी. हा आत आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वारलंय. मयतीला घालायचा तो निळा सूट बघून."

"आणि तू चार महिने काही बोलली नाहीस."

"काय बोलणार होते? माझ्या मुलाची बाजू, माझ्या बहिणीची बाजू, मधे हा. मला वाटलं, ओरिननं तुला सांगितलं असेल."

"मला वाटलं, मॅव्हिसनं सांगितलं असेल," ओरिन म्हणाला.

"आणि मला या घरात कुणी काही सांगतच नाही," बेउला म्हणाली. तिचा आवाज चढला. "माझ्या भांड्यांवर, माझ्या बरण्यांवर तिकडे जाऊन कोण काय बोलून येतं, आणि मी इथं मूर्खासारखी हळद चाळतेय. काय बोललास तू तिथं? एवढा सूट घालून गेलास तर काय बोललास?"

ओरिन खिडकीतून बाहेर बघू लागला. "विशेष काही नाही."

"सांग."

"राहू दे ना, बेउला. झालं ते झालं."

आता सांगायची वेळ मॅव्हिसची होती, आणि तिला ते मुळीच सांगायचं नव्हतं. पण ओरिनचा तो खिडकीकडे वळलेला चेहरा तिला बघवेना. भाऊ तीस वर्षं गिरणीत दुसऱ्यांचं केलं-सवरलं अंगावर घेत आला होता, आणि अजूनही घेणार होता.

"कर्टिसच्या वकिलानं विचारलं याला," ती म्हणाली. "म्हणाला, तुम्ही विकता ते लोणचं आल्मा हॅदवे यांच्याच पद्धतीचं आहे ना? याला 'हो' म्हणायचं होतं, बस. हा म्हणाला, नाही. म्हणाला, आमच्या आईचं लोणचं इतकं आंबट असायचं की बाबा ते गुपचूप कोंबड्यांना घालायचे. आता लोक जे मागवतात ते माझ्या बहिणीनं केलेलं आहे. साखर किती, मोहरी कधी, हे सगळं तिनं लावलं. आईच्या हयातीतच लावलं, आईला न सांगता. सगळं कोर्ट हसलं. मग हा म्हणाला, हसू नका, ती फार हुशार आहे, फक्त सांगत नाही. न्यायाधीश बाईंनी ते लिहून घेतलं. आणि मग निकाल देताना तोंडी तेच म्हणाल्या, की प्रतिवादी स्वतःच सांगतात हे लोणचं आल्माचं नाही."

नेडानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडत नव्हती, हसतही नव्हती. तिला फक्त आता या घरातलं कुणी काही काळ दिसायला नको होतं. तिनं वर्षभर ज्या भिंती उभ्या केल्या, त्यांच्यातून मामा सूट घालून चालत गेला होता, आणि जाता जाता दारही उघडं ठेवून आला होता.

बेउलाचे कान लाल झाले. "तुला कुणी सांगितलं होतं हे?" ती ओरिनला म्हणाली. "तुला कुणी विचारलं होतं?"

"त्या वकिलानं विचारलं."

"मला तिचं नाव हवं होतं. माझं नको होतं. माझं नाव घेऊन मी काय करू? आईनं एकदाही म्हटलं नाही की चांगलं झालंय. निदान बरणीवर तरी ती माझ्याबरोबर होती. तेवढंही तू जाऊन देऊन आलास."

ओरिन खिडकीतून बाहेरच बघत राहिला. मॅव्हिसच्या मनात आलं, की आता आपण काहीतरी करायला हवं, आणि तिनं जे केलं त्याचं तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

"मी सांगेन," ती म्हणाली. "इथल्या कोर्टात. मी शपथेवर सांगेन, की हा त्या दिवशी भरकटल्यासारखा दिसत होता. मी मागं बसून बघत होते. दावा लावणाऱ्याचीच आई सांगतेय म्हटल्यावर मानतील."

"मावशी, कर्टिस तुला घरात घेणार नाही," नेडा म्हणाली.

"घर माझं आहे. तोच बाहेर जाईल."

"आणि डॉक्टरनं असं लिहिलं," बेउला हळू आवाजात म्हणाली, "तर याची गाडी जाईल. लायसन्स काढून घेतात."

"जाऊ दे," ओरिन म्हणाला. तो पहिल्यांदाच खिडकीपासून वळला. "गाडीचं काय घेऊन बसलात. पेट्रोल नेडा भरेल. मी म्हणतो की मला काही कळत नव्हतं. माझं काय जातंय?"

---

मग त्यांनी सराव केला. हे बेउलाला नंतर कधी आठवलं की तिचं तोंड कडू व्हायचं, पण त्या वेळी ती शेगडीजवळ उभी राहून लोणच्यात घालायचं मोहरी-मैद्याचं पिठलं ढवळत होती आणि त्यातून हात काढता येत नव्हता. हात काढला की गुठळ्या होतात. त्यामुळे तिला सगळं ऐकावं लागलं.

"डॉक्टर सोपे प्रश्न विचारतात," नेडा म्हणाली. तिला आता पुन्हा काम मिळालं होतं, आणि काम मिळालं की नेडाचा आवाज एकदम शाळेतल्या बाईसारखा होतो. "मामा, हा कुठला महिना?"

"सप्टेंबर."

"चूक सांगायचं."

"हां. मे."

"लगेच नाही. थोडा विचार करून. आठवत नसल्यासारखं."

ओरिननं थोडा विचार केला. "मे."

"बरं. आज वार कुठला?"

"शनिवार... नाही, थांब. मंगळवार."

"छान. तू त्या दिवशी कॅलसला कशाला गेला होतास?"

"पेट्रोल." त्यानं नेडाकडे बघितलं. "ते तर खरंच आहे."

"मग 'माहीत नाही' म्हण."

"माहीत नाही."

चिरलेले कांदे भांड्यात लोटायचे सोडून मॅव्हिस ते नुसती हातानं एका जागी गोळा करत होती. ओरिन खुर्चीत ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. गिरणीतून निवृत्त होताना त्याला घड्याळ दिलं त्या फोटोत तो असाच बसला होता. कुणी काही काम सांगितलं की ते नीट करायचं, ही त्याची सवय. आणि हेही तो नीटच करत होता. दर प्रश्नाला आधीपेक्षा बरं जमत होतं. खांदे थोडे खाली आले होते. नजर टेबलाच्या कडेवरून सरकत कुठंतरी भलतीकडे जाऊ लागली होती. बेउलाला वाटलं, हे सोंग इतक्या लवकर इतकं चांगलं यायला नको.

"आणि ही कोण?" नेडानं शेगडीकडे हात केला.

बेउलानं मागे वळून बघितलं. ओरिन तिच्याकडे बघत होता. लहानपणी नदीच्या बर्फावरून तिला पाठीवर घेऊन आलेला, तिच्या हातून बरणी फुटली तेव्हा आईला स्वतःचं नाव सांगितलेला, आईचं लोणचं तिच्या ताटातून उचलून स्वतः खाल्लेला. त्यानं तिच्याकडे सावकाश, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "ओळखत नाही."

ते त्यानं इतकं चांगलं म्हटलं, की नेडा "बरोबर" म्हणायलाही विसरली.

बेउलानं गॅस बंद केला. ढवळणं सोडलं. पिठलं तळाशी धरू लागल्याचा वास आला आणि कुणी तिकडे गेलं नाही. ती टेबलाशी आली, तिनं आपली सही असलेला तो कागद उचलला, दोनदा दुमडला आणि कोपऱ्यातल्या लाकडाच्या चुलीत टाकला.

"नवा लिही," ती नेडाला म्हणाली.

"काय लिहू?"

"लिही, की ओरिन हॅदवे त्या कोर्टात गेला. आमच्या वतीनं गेला. पूर्ण शुद्धीत गेला. जे बोलला ते समजून बोलला."

"आई. असं लिहिलं तर सगळं संपलं. नाव गेलं. वेबसाइट गेली. सोमवारी कर्टिस—"

"मला माहीत आहे काय होतं ते. वर्षभर तू तेच सांगतेयस." बेउलानं अंगावरचा एप्रन काढून खुर्चीवर टाकला. "आणि पुढं लिही, की त्याला बेउलानं पाठवलं होतं."

"तू कधी पाठवलंस? तुला आत्ता अर्ध्या तासापूर्वी कळलं."

"पाठवलं होतं मी."

मॅव्हिसनं बहिणीकडे बघितलं, मग भावाकडे, आणि उठून शेगडीवरचं भांडं खाली उतरवलं. ओरिन खुर्चीतून अर्धवट उठला होता.

"बेउला, उगाच हट्ट करू नकोस," तो म्हणाला. "मला जमतंय की हे."

"जमतंय ते दिसलं मला," बेउला म्हणाली. "नेडा, लिही."